बोअरच्या पाण्यावरचा पूल: सोलापुरातल्या उन्हात तपासणी आणि डोसचा हिशेब

पूलचं पाणी बिघडलं की सगळे विचारतात, क्लोरीन किती टाकायचं? सोलापुरात त्याआधी दुसरं विचारायला हवं: पूल भरलाय कशानं? नळाला येणारं उजनीचं पाणी वेगळं आणि बोअरचं वेगळं. नळ काही दिवसांआड येतो, त्यावर चाळीस हजार लिटरचा पूल भरायला कुणी बसत नाही. अक्कलकोट रोड, तुळजापूर रोड, होटगी रोडकडच्या फार्महाउसांना बोअर, नाहीतर टँकर. आणि टँकर म्हणजे तरी काय, कुणाची तरी विहीर किंवा दुसऱ्या कुणाचा बोअर.

आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून वर येणारं पाणी जड असतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट तिन्ही घेऊन येतं. गीझरच्या कॉइलवर आणि बाथरूमच्या बादलीला बसणारा पांढरा थर तो हाच. पूलमध्ये तो पाण्याच्या रेषेवरच्या टाइलवर बसतो, फिल्टरच्या वाळूत बसतो आणि वाळूचे गठ्ठे करतो. त्यामुळे केमिकलच्या डब्यावर छापलेले सल्ले इथे बरेचदा उलटे पडतात. "कॅल्शियम वाढवा", "दर आठवड्याला सोडा टाका" हे मऊ पाण्याच्या गावांसाठी ठीक आहे. इथे यांतलं काहीच लागत नाही. इथे रोजचं भांडण असतं ते पीएच वर चढण्याशी आणि थर बसण्याशी.

भरायच्या पाण्याचा कागद

घरात डाळिंबाची किंवा द्राक्षाची बाग असेल तर बोअरच्या पाण्याचं परीक्षण कधीतरी झालेलं असतं. तो अहवाल शोधून काढा. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट हे आकडे बहुधा मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये दिलेले असतात. त्याला ५० नं गुणलं की पूलच्या कामाचा पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांतले भाग, मिळतो. कॅल्शियम ८ असेल तर कॅल्शियमचा जडपणा ४००. मॅग्नेशियम ५, म्हणजे २५०. बायकार्बोनेट ५, म्हणजे अल्कलिनिटी २५०. अहवाल मिलिग्रॅममध्ये असेल तर कॅल्शियमला २.५ नं आणि बायकार्बोनेटला ०.८२ नं गुणा. पुढचे सगळे हिशेब याच नमुना आकड्यांवर केले आहेत, तुमचे आकडे तुम्ही घाला. अहवाल जुना असेल तर एप्रिलमध्ये पुन्हा तपासून घ्यावा. पाणी खोल गेलं की आकडेही बदलतात.

मराठीत अल्कलिनिटीला क्षारता म्हणतात, पण क्षार म्हटलं की आपल्याला मीठ आठवतं आणि सगळा घोळ होतो. म्हणून इथे अल्कलिनिटीच म्हणू. पाण्यानं ॲसिड किती पचवलं तरी पीएच हलणार नाही, याचं ते माप. जडपणा वेगळा, अल्कलिनिटी वेगळी, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, तिसराच. आरओवाल्याकडच्या पेनवर टीडीएस ९०० आला म्हणून जडपणा कळत नाही. ते पेन एवढ्यासाठीच ठेवायचं, की पाणी आटून क्षार किती दाट झाले ते महिन्या-महिन्याला दिसावं.

पूलमध्ये पाणी किती आहे

यावर अंदाज चालत नाही. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, मीटरमध्ये. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, उथळ बाजूला ०.९ आणि खोल बाजूला १.६ मीटर पाणी असेल तर सरासरी १.२५ आणि एकूण ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर. खोली पाण्याच्या पातळीपर्यंत मोजायची, काठापर्यंत नाही. गोल पूल असेल तर व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५ गुणिले खोली. बांधणाऱ्यानं सांगितलेला आकडा बऱ्याचदा गोल करून सांगितलेला असतो, टेप धरून खात्री करा.

१ पीपीएम म्हणजे १,००० लिटरला १ ग्रॅम. ४०,००० लिटरला ४० ग्रॅम. एवढं डोक्यात बसलं की कुठल्याही डब्यामागचा तक्ता लागत नाही.

तपासणीचं सामान आणि हात

पिवळा रंग देणारं स्वस्त किट घेऊ नका. ऑर्थोटोलिडीनचं ते किट एकूण क्लोरीन दाखवतं. त्यातलं कामाचं, म्हणजे मोकळं क्लोरीन किती, हे त्याला सांगता येत नाही. डीपीडीचं किट घ्या. पहिल्या नंबरच्या गोळीनं मोकळं क्लोरीन, त्याच पाण्यात तिसऱ्या नंबरची गोळी टाकली की एकूण. दोन्हींतला फरक म्हणजे घाम, लघवी, तेल यांना चिकटून निकामी झालेलं क्लोरीन. पीएचसाठी फिनॉल रेड. अल्कलिनिटी आणि कॅल्शियमसाठी थेंब मोजायचं किट. स्टॅबिलायझर, म्हणजे उन्हात क्लोरीन टिकवणारं सायन्युरिक ॲसिड, मोजायला तळाशी काळा ठिपका असलेली नळी.

नमुना घ्यायची पद्धत चुकली की पुढचं सगळं चुकतं. मोटार अर्धा तास चालू हवी. बाटली पालथी धरून कोपरापर्यंत हात आत घाला आणि तिथे उलटी करून भरा. पाणी परत येतं त्या तोंडासमोर भरू नका, तिथे नुकतंच टाकलेलं औषध असतं. नळी त्याच पाण्यानं तीनदा विसळा. हलवताना बोटानं तोंड दाबू नका, बोटाच्या घामानंही पीएच सरकतो, टोपण लावा. रंग सावलीत, पांढऱ्या कागदासमोर, डोळ्याच्या पातळीला धरून वाचायचा. पिवळ्या बल्बखाली गुलाबी रंगाची छटा कळत नाही, आणि गॉगल लावून वाचणारेही असतातच.

अल्कलिनिटी: २५ मिलि पाणी, रंगद्रव्याचे थेंब टाकले की हिरवं. मग एकेक थेंब ॲसिड टाकायचं, प्रत्येक थेंबाला नळी गोल फिरवायची, आणि लाल झालं की थांबायचं. थेंब गुणिले १०. पंचवीस थेंब लागले तर २५०. हिरव्याऐवजी निळं होऊन पिवळ्याकडे जाऊ लागलं तर क्लोरीन जास्त आहे, आधी क्लोरीन मारणारा थायोसल्फेटचा थेंब टाकून पुन्हा करा.

कॅल्शियमच्या चाचणीत लाल रंग निळा व्हायला हवा. आपल्या पाण्यात तो मध्येच जांभळ्यावर अडकतो, आणि लोक थेंबावर थेंब टाकत बसतात. उपाय असा, की मोजायच्या द्रावणाचे पाच-सहा थेंब सुरुवातीलाच टाकायचे, मग बाकीची रसायनं, मग उरलेले थेंब. ते आधीचे थेंब हिशेबात धरायचे. २५ मिलि नमुन्याला थेंब १० पीपीएमचा, १० मिलिला २५ पीपीएमचा. ४०० च्या पाण्याला चाळीस थेंब टाकण्यापेक्षा १० मिलिवर सोळा थेंब बरे, किटही महिनाभर जास्त पुरतं. किट घेताना डब्यावर "कॅल्शियम हार्डनेस" आहे का बघा. आरओवाल्यांचं किट एकूण जडपणा देतं, त्यात मॅग्नेशियम मिसळलेलं असतं. आपल्या नमुन्यात ते ६५० दाखवेल आणि कामाचा आकडा तर ४०० आहे.

स्टॅबिलायझरच्या नळीत गढूळ झालेलं पाणी हळूहळू ओतायचं आणि वरून बघताना ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. उन्हाकडे पाठ करून, नळी स्वतःच्या सावलीत, कमरेच्या उंचीला. टक लावून बघाल तर ठिपका नसतानाही दिसतो. बघा, नजर काढा, पुन्हा बघा.

किट मोटारीच्या खोलीत ठेवू नका. मे महिन्यात पत्र्याखाली काय तापतं ते सांगायला नको. द्रावणं उकडून वर्षभराच्या आत खोटं बोलायला लागतात. घरात, अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि दरवर्षी नवी आणा.

थर बसणार की नाही: एक बेरीज

नुसता पीएच ७.८ आहे म्हणून काही कळत नाही. पीएच, तापमान, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी एकत्र धरून पाणी थर टाकणार की सिमेंट खाणार हे सांगणारा लँगेलिअर निर्देशांक असतो. नाव जड आहे, काम बेरीज-वजाबाकीचं आहे. पीएच, अधिक तापमानाचा अंक, अधिक कॅल्शियमचा अंक, अधिक अल्कलिनिटीचा अंक, वजा १२.१. टीडीएस हजाराच्या वर असेल तर वजा १२.२. आपल्याकडे बहुतेक १२.२ च धरावं.

तापमानाचे अंक: १९ अंशाला ०.५, २४ ला ०.६, २९ ला ०.७, ३४ ला ०.८. कॅल्शियमचे: २०० ला १.९, ३०० ला २.१, ४०० ला २.२, ६०० ला २.४, ८०० ला २.५. अल्कलिनिटीचे: ६५ ला १.८, ८० ला १.९, १०० ला २.०, १२५ ला २.१, २०० ला २.३, २५० ला २.४. पाण्यात स्टॅबिलायझर असेल तर त्याचा एक तृतीयांश अल्कलिनिटीतून आधी वजा करायचा. चाचणीत तो अल्कलिनिटी म्हणून मोजला जातो, पण थराच्या हिशेबात तो नसतो.

उत्तर उणे ०.३ ते अधिक ०.३ मध्ये आलं की ठीक. त्याच्या वर थर, त्याच्या खाली पाणी ग्राउट (टाइलच्या सांध्यांतला मसाला) आणि प्लास्टर खातं.

आपला नमुना, बोअरमधून नुकताच भरलेला: पीएच ७.८, पाणी ३० अंश म्हणून ०.७, कॅल्शियम ४०० चे २.२, अल्कलिनिटी २५० चे २.४. बेरीज १३.१, वजा १२.२, उरले ०.९. हे पाणी थर टाकणारच. त्यात ब्लिचिंग पावडर टाकली की दुधाळ होणार, आणि मग "पावडर खराब होती" असं म्हटलं जाणार.

आता काय हलवता येतं ते बघा. तापमान आपल्या हातात नाही. कॅल्शियम पाण्यातून काढायला घरगुती औषध नाही, पाणी बदलणं एवढाच मार्ग. राहिले पीएच आणि अल्कलिनिटी, आणि दोन्ही ॲसिडनं उतरतात. अल्कलिनिटी ८० वर आणली, स्टॅबिलायझर ४० असेल तर हिशेबाला ६७, म्हणजे १.८. पीएच ७.५. बेरीज ७.५ अधिक ०.७ अधिक २.२ अधिक १.८, वजा १२.२, बरोबर शून्य. कॅल्शियम ४०० चंच राहिलं आणि तरी थर थांबला. पुस्तकांत अल्कलिनिटी ८० ते १२० लिहिलेली असते. सोलापुरात खालचंच टोक धरावं, आणि उन्हाळ्याच्या शेवटी ७० वर आली तरी घाबरू नये.

ॲसिड: किती, कसं, किती दिवसांत

हायड्रोक्लोरिक ॲसिड, ३० ते ३३ टक्के. बाथरूम धुवायचं पिवळं ॲसिड नको. तो पिवळेपणा बहुधा लोखंडाचा असतो आणि तो प्लास्टरवर तांबूस डाग होऊन उतरतो. रंगहीन ॲसिड मागून घ्या.

१०,००० लिटरला अल्कलिनिटी १० नं उतरवायला सुमारे २०० मिलि लागतं. ४०,००० ला ८०० मिलि. २५० वरून ८० वर आणायचं तर १७० उतरवायचे, म्हणजे एकूण साडेतेरा लिटरच्या आसपास. ते एका दिवशी ओतलं तर पीएच रसातळाला जाईल. म्हणून हप्त्यांत. अल्कलिनिटी २०० च्या वर असेतो एका वेळी दीड लिटर, २०० च्या खाली एक लिटर, १२० च्या खाली अर्धा लिटर. अल्कलिनिटी जशी उतरते तसा तेवढ्याच ॲसिडचा पीएचला बसणारा धक्का मोठा होतो, म्हणून डोस घटवत न्यायचा.

सकाळी करा, वाऱ्याकडे पाठ करून. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. प्लास्टिकच्या बादलीत आधी आठ लिटर पाणी, मग त्यात ॲसिड. उलटं कधीच नाही, ॲसिडमध्ये पाणी ओतलं की उसळून तोंडावर येतं. मोटार चालू ठेवून खोल बाजूला काठानं चालत, बारीक धारेनं, स्टीलच्या शिडीपासून लांब. एका जागी ओतलं की फक्त अल्कलिनिटी उतरते आणि पसरून ओतलं की फक्त पीएच, असं काही कारागीर ठासून सांगतात. तसं काही नसतं. एका जागी ओतलेलं ॲसिड तळाला बसतं आणि तिथलं ग्राउट खातं, तेवढाच फरक.

तासाभरानं पीएच ७.२ च्या आसपास दिसेल. आता धबधबा असेल तर सुरू करा, परतीच्या पाण्याची तोंडं वर वळवा, पृष्ठभाग खळखळू द्या. ॲसिडनं बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड केलेला असतो. सोडा वॉटरची बाटली हलवल्यासारखा तो खळखळण्यानं उडून जातो, आणि पीएच आपोआप वर येतो. अल्कलिनिटी मात्र वर येत नाही. एक-दोन दिवसांत पीएच ७.७ च्या वर आला की पुढचा हप्ता. वर आणायला सोडा टाकू नका. धुण्याचा सोडा टाकला की जेवढी अल्कलिनिटी ॲसिडनं उतरवली तेवढी परत बसते, आणि हे चक्र काही पूलमध्ये वर्षानुवर्षं चालू असतं.

अल्कलिनिटी जागेवर आल्यावर उलट करायचं. धबधबा रोज तासाभरापेक्षा जास्त चालवायचा नाही, नाहीतर पीएच चढत राहतो. नवं प्लास्टर असेल तर पहिला महिनाभर तो असाही चढतो, सिमेंटमधला चुना उतरत असतो, तेव्हा पीएच रोज बघा.

क्लोरीनचा कुठला डबा

उन्हात मोकळं क्लोरीन टिकत नाही. स्टॅबिलायझर नसेल तर दुपारच्या उन्हात तासाभरात अर्धं उडतं. स्टॅबिलायझर ३० ते ५० हवं. ४०,००० लिटरला ४० पीपीएम म्हणजे १.६ किलो. पावडर जुन्या पायमोज्यात बांधून परतीच्या धारेसमोर लोंबकळत ठेवा आणि अधूनमधून दाबा. पूर्ण विरघळून चाचणीत दिसायला आठवडा लागतो, तोवर पुन्हा टाकू नका. स्टॅबिलायझर ४० असताना मोकळं क्लोरीन ३ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. नियम असा, की स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के. "१ पीपीएम पुरतं" हे स्टॅबिलायझर नसलेल्या, आडोशाच्या पूलसाठी.

टीसीसीएच्या, म्हणजे स्टॅबिलायझर आतच असलेल्या क्लोरीनच्या, गोळ्या सोप्या वाटतात म्हणून सगळे त्याच आणतात. त्यांत ९० टक्के क्लोरीन आहे, पण क्लोरीनच्या प्रत्येक १० पीपीएममागे स्टॅबिलायझर ६ नं वाढतं आणि ते उडत नाही. उन्हाळ्यात रोज ३ पीपीएम लागलं, तर महिन्याला ९० आणि स्टॅबिलायझर ५४. दोन महिन्यांत शंभरी पार. मग क्लोरीन ३ असूनही शेवाळ येतं आणि गोळ्या बनावट असल्याचा संशय येतो. गोळ्यांनी स्टॅबिलायझर ४० वर येईपर्यंत चालवा, मग बंद.

कॅल्शियम हायपोक्लोराइटची ६५ टक्क्यांची पावडर १० पीपीएममागे कॅल्शियम ७ नं वाढवते, आपल्याला ते नकोच. साधी ब्लिचिंग पावडर त्याहून वाईट. तिच्यात तीसेक टक्के क्लोरीन, बाकी बराचसा चुना. नाइलाज असेल तर बादलीत कालवून रात्रभर निवळू द्या आणि वरचं पाणीच ओता.

आपल्याकडे सगळ्यात बरं द्रव हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, १० टक्क्यांचं. १ पीपीएमला ४०० मिलि, ३ पीपीएमला १.२ लिटर, सूर्य मावळल्यावर. त्याची खोड एकच, उन्हात ते मरतं. कॅन दुकानाबाहेर फुटपाथवर रचून ठेवलेलं असेल तर घेऊ नका, आणि दोन आठवड्यांना पुरेल तेवढंच आणा. दम किती उरलाय ते पूलवरच कळतं. संध्याकाळी क्लोरीन मोजा, १.२ लिटर टाका, मोटार चालू ठेवून तासाभरानं पुन्हा मोजा. ३ नं वाढायला हवं. १.८ नंच वाढलं तर कॅनमधलं औषध ६ टक्क्यांवर आलंय, डोस त्या हिशेबानं वाढवा.

टीसीसीए आणि हायपो, पावडर असो की द्रव, एकमेकांना लागू देऊ नका. एकाच फ्लोटरमध्ये, एकाच ओल्या मगात, अगदी एकाच चमच्यानंही नाही. स्फोट होतो. ॲसिड आणि क्लोरीनचे कॅन एका खोलीत शेजारी ठेवू नका, गळती झाली तर विषारी वायू. गोळ्या स्किमरमध्ये, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणाऱ्या खोबणीत, टाकून ठेवण्याची पद्धतही सोडा. लाइट गेली, मोटार थांबली की तिथेच आम्लाचं डबकं साठतं आणि मोटार सुरू होताच ते पंपाच्या अंगावर जातं. तरंगता फ्लोटर वापरा, पायऱ्यांच्या कोपऱ्यात तो अडकू देऊ नका, तिथला रंग पांढरा पडतो.

आकडा खोटा बोलतो तेव्हा

क्लोरीन टाकलं, चाचणी केली, नळी पांढरी. आणखी टाकलं, तरी पांढरी. इथे थांबा. डीपीडीचा गुलाबी रंग क्लोरीन १० च्या वर गेलं की स्वतःच ब्लीच होतो. गोळी पडताना क्षणभर गुलाबी चमक येऊन गेली का ते बघा. आली असेल तर क्लोरीन शून्य नाही, भरमसाट आहे. एक भाग पूलचं पाणी आणि चार भाग आरओचं पाणी मिसळून पुन्हा मोजा आणि उत्तराला ५ नं गुणा. अशा वेळी पीएचची नळीही गडद जांभळी होऊन फसवते. क्लोरीन १० च्या खाली येईपर्यंत पीएच वाचूच नका, ॲसिड तर टाकूच नका.

क्लोरीनचा वास येतो, डोळे चुरचुरतात, म्हणजे क्लोरीन जास्त झालंय असं सगळ्यांना वाटतं. बहुधा उलटं असतं. वास निकामी झालेल्या क्लोरीनचा असतो. एकूण आणि मोकळं यांतला फरक ०.५ च्या वर असेल तर क्लोरीन वाढवायचं, स्टॅबिलायझर ४० असताना १६ पीपीएमपर्यंत, आणि फरक मिटेपर्यंत तिथेच धरायचं. तोवर पोहणं बंद. डोक्याला तेल चोपडून थेट उडी मारणाऱ्यांना आधी नळाखाली उभं केलं तर ही वेळ फार कमी येते.

पाणी साफ दिसतंय, पण आत काही वाढतंय का, हे रात्री कळतं. अंधार पडल्यावर क्लोरीन मोजा, उजाडण्यापूर्वी पुन्हा मोजा. रात्रीत ऊन नाही, तरी १ पीपीएमहून जास्त घटलं तर शेवाळ किंवा घाण ते खातेय.

दुधाळ पाण्याचं कारण काचेच्या ग्लासात सापडतं. ग्लासभर पाणी घ्या, चमचाभर व्हिनेगर टाका, ढवळा. निवळलं तर ते कॅल्शियमचं पांढरं, पीएच आणि अल्कलिनिटी उतरवा. तसंच राहिलं तर धूळ किंवा मेलेलं शेवाळ, मग फिल्टर. गेजवरचा दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा अर्ध्या बारनं वाढला की बॅकवॉश, म्हणजे उलट्या धारेनं फिल्टर धुणं, त्याआधी नाही. रोज बॅकवॉश केला तर वाळू नीट गाळत नाही आणि पाणीही वाया जातं. वावटळीनं माती पाडली असेल तर तुरटी चालते, ४०,००० लिटरला २ किलो विरघळवून, मोटार रात्रभर बंद, सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमनं थेट बाहेर काढायचा. तो फिल्टरमधून नेला की वाळूची खीर होते.

आणि मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. द्राक्षाच्या गावात बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी ते घरात असतंच, शेवाळ दिसलं की मूठभर पूलमध्ये जातं. शेवाळ मरतं हे खरं. पण तांबं पाण्यात राहतं, पीएच चढला की निळसर-काळे डाग होऊन प्लास्टरवर बसतं, आणि पोरींचे केस, पांढरे टॉवेल हिरवट होतात. ते काढायला पुन्हा पाणीच बदलावं लागतं. क्लोरीन ३ वर ठेवा, मोरचूद बागेसाठी राहू द्या.

आटणं, भर घालणं आणि पाऊस

कोरड्या उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर पाणी उडालं असं धरा, जास्तही उडतं. ३२ चौरस मीटरच्या पूलला ते २५६ लिटर रोज, महिन्याला सुमारे ७,७०० लिटर. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात. भर घातली बोअरची, तर दर महिन्याला कॅल्शियम ७७ नं आणि अल्कलिनिटी ४८ नं वाढते. मार्चमध्ये ४०० असलेलं कॅल्शियम मे संपताना ६३० च्या घरात. तेव्हा पीएच ७.४ धरून बेरीज करा, ०.१ येतं, म्हणजे चालतं. पण तेवढ्यासाठी वाढलेली अल्कलिनिटी उतरवायला महिन्याला चार लिटर, आठवड्याला लिटरभर ॲसिड लागणार. हा खर्च धरूनच चाला. उडण्याच्या हिशेबापेक्षा जास्त पाणी घटत असेल तर गळतीची शंका. पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवा, आतल्या आणि बाहेरच्या पातळीला खडूनं खूण करा, चोवीस तासांनी पूलची पातळी बादलीहून जास्त उतरली असेल तर पाणी जमिनीत जातंय.

रात्री कव्हर घातलं तर भर निम्म्यावर येऊ शकते. कव्हरइतका स्वस्त उपाय दुसरा नाही, तरी लोक ॲसिडवर पैसे घालवतात.

कॅल्शियम ८०० च्या पुढे किंवा स्टॅबिलायझर १०० वर गेलं की पाणी बदलायचं, पण मे महिन्यात टँकरनं नाही. पावसाची वाट बघा. छतावरचं पाणी म्हणजे जवळजवळ शून्य जडपणा. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर चार हजार लिटर तरी हाती लागतात. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्या, गच्चीची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात असते, मग पाइप जाळीतून पूलकडे वळवा. जेवढं येणार तेवढं पूलमधलं आधी काढून जागा करा. अर्धं पाणी बदललं की सगळे आकडे अर्ध्याकडे येतात. मोठ्या पावसानंतर अल्कलिनिटी ६० च्या खाली गेली तर मात्र खाण्याचा सोडा लागतो, १० पीपीएमला सुमारे ६७० ग्रॅम. वर्षातून एवढाच त्याचा उपयोग.

पूल पूर्ण रिकामा करू नका, त्यातही ओल भरलेल्या काळ्या मातीत. रिकाम्या हौदाला खालून पाणी उचलतं आणि भेगा पडतात. एका वेळी एक तृतीयांश काढा. काढायच्या पाण्यातलं क्लोरीन आधी चार-पाच दिवस उन्हात शून्यावर येऊ द्या, तपासा, आणि ते नारळाच्या आळ्यात किंवा अंगणात सोडा. डाळिंबाच्या ठिबकला जोडू नका. ६३० चं कॅल्शियम ड्रिपरच्या तोंडाशी जाऊन बसतं, आणि तिथे ॲसिड टाकायचं काम नव्यानं सुरू होतं.